सांगलीत नवं बिऱ्हाड: आठवड्याचं किराणा-भाजीचं बिल कसं आटोक्यात ठेवायचं

बदली होऊन सांगली-मिरजेत आलेलं, लग्नानंतर वेगळं राहायला लागलेलं किंवा पहिल्यांदाच स्वतःचं स्वयंपाकघर चालवणारं कुटुंब असो, त्यांच्या बिलात तीन गोष्टी हमखास दिसतात. तयार पिठाची पाकिटं, मसाल्याच्या पुड्या आणि चौथ्या दिवशी फ्रिजमध्ये कोमेजलेली भाजी. या तिन्हींचा बंदोबस्त केला की पोटाला चिमटा न घेता खर्च खाली येतो. साताऱ्यात किंवा कराडात राहणाऱ्यांनाही हेच लागू आहे, कारण जेवणाची धाटणी एकच: भाकरी, कालवण, कोरड्यास आणि तोंडी लावायला चटणी.

खालची मापं दोन मोठी माणसं आणि शाळेत जाणारी दोन मुलं धरून दिली आहेत. अंडी-मटणाचा खर्च वेगळा धरा.

आधी एक आठवडा नुसतं मोजा

पहिल्या आठवड्यात काहीही बदलू नका. वहीच्या एका पानावर दोन रकाने पाडा, एकात ‘आणलं’, दुसऱ्यात ‘टाकलं’. टाकलेलं प्रामाणिकपणे लिहा: अर्धी पेंडी कोथिंबीर, वाटीभर भात, चार शिळ्या चपात्या, नासलेलं अर्धा लिटर दूध. आठवड्याच्या शेवटी टाकलेल्याची किंमत लावा. बहुतेक घरांत पहिली बचत इथेच सापडते, आणि ती करायला कुठलंही दुकान बदलावं लागत नाही.

चौघांना आठवड्याला साधारण लागतं ते असं: ज्वारी-गव्हाचं मिळून साडेचार किलो पीठ, सव्वा ते दीड किलो तांदूळ, डाळी-कडधान्यं मिळून दीड किलो, अर्धा किलो तेल, अर्धा किलो शेंगदाणे, दोन किलो कांदे, किलोभर बटाटे आणि बाकी भाजी चार-साडेचार किलो. तुमचा आकडा यापेक्षा बराच मोठा असेल तर कुठे मोठा आहे ते पाहा. बहुतेक वेळा तो तेल, साखर आणि पुडीतल्या खाऊत असतो.

तेलाचं एक सोपं माप पाळा. माणशी महिन्याला अर्धा किलो, म्हणजे चौघांना आठवड्याला अर्धा किलो. तेवढंच तेल रविवारी बरणीत काढून ठेवायचं आणि आठवडा त्यातच भागवायचं. खरेदी करताना लिटर आणि किलो यांत गफलत होते. एक लिटर तेल भरतं सुमारे 910 ग्रॅम, त्यामुळे लिटरचं पाकीट किलोपेक्षा स्वस्त दिसतं. काही पाकिटांत तर लिटरही पुरता नसतो. एमआरपीशेजारी बारीक अक्षरात दर ग्रॅमचा किंवा दर मिलिलिटरचा भाव छापलेला असतो, तोच ताडून पाहा.

दळण: पिठाचं पाकीट बंद करा

सगळ्यात सोपा बदल हाच. ज्वारी आणि गहू अख्खे घ्या आणि गिरणीतून दळून आणा. ज्वारीत शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, भाकरीला चांगला. त्याची काढणी फेब्रुवारी-मार्चमध्ये होते आणि नवा माल त्यानंतर बाजारात उतरतो. दाणा टपोरा, पांढरट आणि दाताखाली कडकन फुटणारा असावा. मऊ लागला तर ओलसर आहे, त्याला लवकर कीड लागेल.

ज्वारी एका वेळी चार-पाच किलोच दळायची. पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, म्हणजे चिकटपणा कमी होतो आणि भाकरी थापताना कडेला चिरते. बाजरीचं पीठ तर आठ-दहा दिवसांत कडू व्हायला लागतं, कारण बाजरीत स्निग्धांश जास्त असतो. ते दोन किलोच्या वर दळूच नका. गिरणीत ‘ज्वारीवर ज्वारी टाका’ असं सांगायला लाजू नका. आधी कुणाची बाजरी किंवा सोयाबीन दळलेलं असेल तर तुमचं पहिलं किलोभर पीठ त्याच वासाचं येतं.

एक किलो ज्वारीच्या पिठात मध्यम आकाराच्या दहा-बारा भाकरी होतात, किलोभर कणकेत चोवीस-पंचवीस चपात्या. संध्याकाळचं एक जेवण भाकरीचं ठेवलं तर चपातीला लागणारं तेलही वाचतं.

नव्याने भाकरी करणाऱ्यांना अडतं ते पाण्यापाशी. दोन वाट्या पिठाला साधारण एक वाटी पाणी लागतं आणि ते उकळतं हवं. पीठ परातीत घ्या, मध्ये खळगा करा, पाणी ओता, उलथन्याने कालवा, हाताला सोसेल इतकं निवलं की तळहाताने रगडून मळा. सगळं पीठ एकदम मळून ठेवू नका. एका भाकरीपुरता गोळा घेऊन पुन्हा पाण्याचा हात लावून मळायचा आणि लगेच थापायचा. तवा चांगला तापलेला हवा. पिठाची बाजू वर ठेवून भाकरी टाकली की तिच्यावर पाणी फिरवायचं आणि ते सुकायच्या बेतात असताना उलटायची. पाणी पूर्ण वाळू दिलं तर वरचा पापुद्रा तडकतो, आणि तडकलेली भाकरी फुगत नाही, कारण वाफ भेगेतून निघून जाते. कड जाड राहिली तरी तेच होतं. पीठ जुनं असेल तर त्यातलं मूठभर उकळत्या पाण्यात शिजवून उकड काढा आणि उरलेल्या पिठात मळा, विरी बऱ्यापैकी परत येते.

आठवड्याचा कणा: कडधान्य

भाजीचे भाव वरखाली होतात, कडधान्याचे त्यामानाने कमी. म्हणून आठवड्यातल्या चौदा जेवणांपैकी पाच-सहा कडधान्याच्या आणि डाळीच्या कालवणावर उभी करा. दर आठवड्याला दोनच प्रकार निवडा. पाच प्रकारचे डबे उघडून ठेवले की प्रत्येकात थोडं थोडं उरतं आणि भुंगा होतो.

मटकीपासून सुरुवात करा. पाव किलो मटकी निवडून दोनदा धुवा आणि चौपट पाण्यात भिजवा. उन्हाळ्यात सहा-सात तास पुरतात, थंडीत नऊ-दहा. भिजल्यावर हाताने चाचपून गणंग काढून टाका. गणंग म्हणजे न भिजलेले, खड्यासारखे कडक दाणे. ते शिजतही नाहीत आणि मुलांच्या दाताखाली येतात. मग चाळणीत पाव तास पूर्ण निथळू द्या. ही पायरी घाईत उरकली जाते आणि सगळा घोळ तिथेच होतो. निथळलेली मटकी ओलसर सुती कापडात सैल बांधून टांगा किंवा चाळणीतच झाकून ठेवा. उन्हाळ्यात दहा-बारा तासांत मोड येतात, थंडीत वीस ते चोवीस तास लागतात. उन्हाळ्यात कापड कोरडं पडलं तर मध्ये एकदा पाणी शिंपडा.

बुळबुळीत झाली आणि आंबूस वास आला तर पाणी नीट निथळलं नव्हतं किंवा गाठोडं फार घट्ट बांधलं होतं. ती मटकी वापरू नका. मोडच आले नाहीत तर दाणा जुना आहे किंवा भिजवायला गरम पाणी घेतलं. दुकान बदला किंवा पुढच्या वेळी आधी अर्धा पाव घेऊन तपासा.

पाव किलो कोरड्या मटकीचे अर्धा किलो किंवा थोडे जास्तच मोड होतात. त्यावरून तयार मोडांचा हिशोब घालता येतो. कोरड्या मटकीचा भाव निम्मा करा. तयार मोड त्याच्या वर जितक्याला मिळतात, तेवढे पैसे फक्त भिजवण्याच्या कामाचे.

हे अर्धा किलो मोड तीनदा वापरायचे. सगळे एकदम पाच-सहा वाट्या पाण्यात मीठ-हळद घालून बोटचेपे शिजवा आणि पाणी वेगळं गाळून घ्या. पहिल्या दिवशी निम्म्या मटकीची कोरडी उसळ, भाकरीबरोबर. गाळलेला कट फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी कांदा-खोबऱ्याचं वाटण लावून त्याचीच आमटी, भाताबरोबर. उरलेली मटकी तिसऱ्या दिवशी सकाळी पोह्यांत किंवा चिरमुऱ्यांवर कांदा घालून नाश्त्याला.

हुलगा, म्हणजे कुळीथ, हा या भागातल्या कोरडवाहू रानाचा. त्याला बारा तास भिजवावं लागतं आणि खडे निघतात, म्हणून ताटात पसरून उजेडात निवडायचा. त्याचा कट मटकीच्या कटापेक्षा दाट. अर्धा किलो हुलगा खमंग भाजून दळून ठेवला तर घाईच्या दिवशी माडगं होतं: चार चमचे पीठ ताकात गुठळी न राहता कालवायचं, लसूण-जिऱ्याच्या फोडणीत ओतायचं आणि उकळी येईपर्यंत ढवळत राहायचं. ढवळणं थांबवलं की ताक फुटतं.

सालीच्या उडीद डाळीचं घुटं हे साताऱ्याकडचं जेवण आणि खर्चाला फार हलकं. वाटीभर डाळ कोरडी भाजून कुकरला मऊ शिजवा, रवीने घोटा, हिरवी मिरची-लसूण-जिऱ्याचं वाटण घालून उकळा. भाजताना डाळ करपली तर घुटं कडवट होतं, म्हणून आच मंद ठेवा. ढाब्यांवर मिळणारा अख्खा मसूर घरी अगदी थोडक्यात होतो: वाटीभर मसूर तासभर भिजवून दोन शिट्ट्या, दोन बारीक चिरलेले कांदे, एक टोमॅटो, दोन चमचे कांदा-लसूण चटणी (म्हणजे घरचा कुटलेला तिखट मसाला, कृती शेवटी), तीन चमचे तेल. दाणा अख्खा राहिला पाहिजे. तिसरी शिट्टी झाली तर त्याची आमटी समजून खा.

कोरेगाव तालुक्यातला वाघ्या घेवडा मिळाला तर जरूर घ्या. त्याला भौगोलिक मानांकन आहे आणि चवीला बाहेरच्या राजम्यापेक्षा कमी नाही. मात्र रात्रभर भिजवून, ते पाणी फेकून, पूर्ण मऊ शिजवायचा. अर्धाकच्चा घेवडा पोटाला बाधतो.

रोजच्या वरण-आमटीत तूरडाळ निम्मी करून उरलेली मसूर किंवा मूग घाला. मसूर बहुतेक वेळा तुरीपेक्षा स्वस्त असते आणि लवकर शिजते, त्यामुळे गॅसही वाचतो. चौघांच्या आमटीला एकूण एक वाटी डाळ पुरे.

बाजार: काय, कधी आणि कोणत्या क्रमाने शिजवायचं

आठवड्यातून एकदा मोठा बाजार आणि मध्ये एकदा फक्त पालेभाजीसाठी फेरी. रोज संध्याकाळी पिशवी घेऊन गेलं की दोन जिन्नस जास्तीचे येतातच.

बाजार उठायच्या वेळी टोमॅटो, मिरच्या, लिंबं, वांगी वाट्यावर लागतात. वाटा घेताना वरचा माल पाहू नका, विक्रेत्याला विचारून खालचा एक उचलून पाहा. चार टोमॅटो मऊ निघणार असतील तर तो वाटा त्याच रात्री सार किंवा चटणी करणाऱ्यालाच परवडतो. पालेभाजीची पेंडी दाबून न पाहता सैल करून आत बघा. ओली पेंडी वजनाला आणि दिसायला भरते, पण आतून चोवीस तासांत कुजते. कृष्णाकाठची वांगी घेताना देठ हिरवा आणि काटे टोचणारे हवेत. देठ काळपट पडला असेल तर आत बी धरलेलं असतं. देठाजवळ बारीक भोक दिसलं तर अळी ठरलेली.

घरी आणल्यावर पहिला अर्धा तास भाजीला द्या, तो वसूल होतो. मेथी-पालक निवडून, न धुता, सुती कापडात गुंडाळून ठेवा. कोथिंबिरीची मुळं कापून तशीच कोरड्या कापडात. मिरच्यांचे देठ काढा, देठापासून सड सुरू होते. कांदे-बटाटे एकत्र ठेवू नका, दोन्ही लवकर कोंब धरतात.

मग शिजवण्याचा क्रम नाशवंतपणानुसार. पहिले दोन दिवस पालेभाज्या. नंतर वांगी, दोडका, भेंडी, गवार. चौथ्या-पाचव्या दिवशी कोबी, फ्लॉवर, गाजर. शेवटचे दोन दिवस लाल भोपळा, बटाटा, पिठलं, कडधान्य. या क्रमाचा कागद फ्रिजवर लावा. ‘आज काय करू’ हा प्रश्न पडला की हात आधी ताज्या आणि आवडत्या भाजीकडे जातो आणि मेथी मागे राहून पिवळी पडते.

टाकून दिल्या जाणाऱ्या भागांत बरंच जेवण असतं. फ्लॉवरचे कोवळे देठ आणि पाला बारीक चिरून डाळीचं पीठ पेरलं की झुणका होतो, मुळ्याच्या पाल्याचाही तसाच. अर्धा किलो दोडक्याच्या शिरा सोलून फेकू नका. त्या बारीक चिरून चमचाभर तेलात मंद आचेवर कुरकुरीत होईपर्यंत परता, मग दोन चमचे तीळ, दोन चमचे किसलेलं सुकं खोबरं, पाच लसूण पाकळ्या घालून खमंग करा आणि तिखट-मीठ घालून भरड कुटा. शिरा नरम राहिल्या तर चटणी दुसऱ्या दिवशी ओलसर होते. नीट परतलेली तीन-चार दिवस टिकते, आणि ती पानात असली की मुलं भाकरी मागून घेतात.

पावसाळ्यात पालेभाजी महाग आणि चिखलाची मिळते. त्या दिवसांत सांडग्याची आमटी किंवा डाळकांदा करा. हट्टाने मेथी आणायची गरज नाही.

चार वाजताची भूक

पुडीतल्या वेफर्स-कुरकुऱ्यांवर किती जातात हे पहिल्या आठवड्याच्या वहीत दिसलंच असेल. त्याला या भागाचं उत्तर भडंग. पाव किलो चिरमुरे कढईत कोरडेच मंद आचेवर परता, चुरगळल्यावर कुरकुर वाजले पाहिजेत. मऊ चिरमुऱ्यांना फोडणी दिली तर ते चिवट होतात आणि मग काही करता येत नाही. अर्धी वाटी तेलात शंभर ग्रॅम शेंगदाणे तळून बाजूला काढा. त्याच तेलात पंधरा ठेचलेल्या लसूण पाकळ्या आणि कढीपत्ता कुरकुरीत करा, गॅस बंद करा, मग दोन चमचे कांदा-लसूण चटणी, हळद, मीठ, चमचाभर पिठीसाखर. गॅस चालू असताना चटणी टाकली तर जळते आणि रंग काळा पडतो. चिरमुरे आणि दाणे घालून हलवा, पूर्ण गार झाल्यावरच डबा बंद करा. आठवडाभर पुरतं.

दूध, शिळं आणि गॅस

म्हशीचं दूध घेत असाल तर साय जमवाच. रोज लिटरभर दुधाची साय फ्रिजमध्ये साठवून आठवड्याने विरजून घुसळली की दोनशे ग्रॅमच्या आसपास तूप मिळतं, ताक वेगळं. ते ताक माडग्याला, कढीला.

शिळी भाकरी कुस्करून कांदा-मिरचीच्या फोडणीत, शिळ्या चपातीचा कुस्करा, उरलेली आमटी ज्वारी-बेसनाच्या पिठात मळून धपाटी. भात मात्र रात्रभर ओट्यावर ठेवून सकाळी फोडणीला टाकू नका. गार झाला की लगेच फ्रिजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी कडकडीत गरम करून संपवा. कुकर लावताना डाळ, तांदूळ आणि उद्याचे बटाटे एकदम लावा.

रेशन कार्ड

प्राधान्य कुटुंबाचं कार्ड असेल तर माणशी महिन्याला 5 किलो धान्य मिळतं, अंत्योदय असेल तर कार्डामागे 35 किलो. जानेवारी 2023 पासून ते मोफत आहे. गावाकडचं कार्ड असेल म्हणून सोडून देऊ नका, आधार जोडलेलं कार्ड दुसऱ्या गावच्या रेशन दुकानातही चालतं.

उन्हाळ्यातली बेगमी

आठवड्याचं बिल खऱ्या अर्थाने खाली बसतं ते मार्च ते मे या तीन महिन्यांतल्या खरेदीने. एकदम सगळं जमणार नाही, म्हणून पहिल्या वर्षी कांदा-लसूण चटणी, हळद आणि कांदा एवढंच करा.

चटणीला एक किलो मिरची धरली (रंगाला ब्याडगी, तिखटाला लवंगी किंवा संकेश्वरी), तर पाव किलो सुकं खोबरं, पाव किलो धणे, पाव किलो लसूण, अर्धा किलो कांदा, शंभर ग्रॅम तीळ, शंभर-सव्वाशे ग्रॅम खडा मसाला आणि मीठ. मिरची दोन दिवस कडक उन्हात वाळवा. कांदा उभा चिरून आधी उन्हात सुकवा, मग तेलात तांबूस, कुरकुरीत तळा. कांद्यात ओल राहिली की चटणीला पावसाळ्यात बुरशी येते, हे वर्षभराचं नुकसान आहे. डंकावर कुटून आणल्यावर परातीत पसरून गार करा, बरणीत दाबून भरा, चमचा कायम कोरडा. अशी दोन किलोच्या आसपास चटणी होते आणि मसाल्याच्या सात-आठ पुड्या यादीतून जातात. वर्षाच्या मध्येच आला असाल तर बचत गटाकडून अर्धा किलो घेऊन काम भागवा.

हळदीच्या बाबतीत तुम्ही देशातल्या मोठ्या बाजारपेठेत राहता. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. अर्धा किलो राजापुरी हळकुंडं घेऊन, उन्हात तापवून, चटणीबरोबरच दळून आणा, चौघांना वर्षभर पुरतात. पुडीपेक्षा अख्ख्या हळकुंडात भेसळ करणं अवघड, पण वरून रंग चढवलेली हळकुंडंही असतात.

कांदा एप्रिल-मेमधला उन्हाळ कांदाच साठवायचा. मान बारीक आणि सुकलेली, वरची साल कोरडी, दाबल्यावर घट्ट. वीस किलो घेऊन हवेशीर जागी, जाळीच्या टोपलीत किंवा बांबूच्या चटईवर एका थरात पसरा, पोतं बांधून ठेवू नका. दर आठ-दहा दिवसांनी चाळून नरम पडलेला कांदा आधी वापरायला काढा, एक सडका शेजारच्या चारांना घेऊन जातो. नीट राखला तर सप्टेंबरपर्यंत टिकतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येणारा लाल कांदा टिकत नाही, तो आठवड्यापुरताच घ्या.

डाळ साठवायची असेल तर दोन दिवस ऊन देऊन, पूर्ण गार करून, किलोला चमचाभर एरंडेल तेल हाताने चोळा आणि कोरड्या डब्यात भरा. गरम डाळ भरली तर झाकणाला आतून पाणी सुटतं आणि पंधरा दिवसांत जाळी धरते. शिजवण्याआधी तेवढी डाळ कोमट पाण्याने दोनदा धुवायची.